महिन्याला सात मिलिमीटर

पहाटे साडेपाच

फोन आशाताईंचा. "ताई, आपली ती सातव्या महिन्यात माहेरी गेलेली सून रात्री अकराला बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मंगळवारी रात्री अकरा. म्हणजे शुक्रवारी रात्री अकरापर्यंत आमच्या हातात वेळ आहे. नवजात बाळाची मापं जन्मापासून ७२ तासांच्या आत घ्यायची, हा आमचा नियम. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाचं वजन थोडं उतरतं आणि मग पुन्हा चढू लागतं. एका बाळाला पहिल्या दिवशी मोजलं आणि दुसऱ्याला सहाव्या दिवशी, तर ते दोन आकडे शेजारी मांडता येत नाहीत. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे कागदावर आमचा अभ्यास मोजक्या गावांचा असला तरी जीप तालुकेच्या तालुके पालथे घालते. आज दुपारी पारनेरच्या बाजूला जायचं ठरतं. सकाळची कामं मात्र पुढे ढकलता येत नाहीत. कांद्याची लागवड सुरू आहे आणि आठनंतर गावात बाई भेटत नाही.

आमच्या अभ्यासाचं नाव आणि गावांची नावं इथे लिहीत नाही. संमतिपत्रावर सही घेताना प्रत्येक घराला तसा शब्द दिलेला आहे. शिरूर-खेडच्या कोरड्या पट्ट्यातली गावं आहेत, एवढं पुरे. लग्न होऊन आलेल्या मुलीपासून आम्ही सुरुवात करतो. ती गरोदर राहिली की गरोदरपणभर तिच्याकडे जातो, बाळ झालं की बाळाला मोजतो आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्याच मुलाला मोजत राहतो. वर्षानुवर्षं.

सकाळी साडेसहा

कार्यालय म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. रोजचं पहिलं काम मुलांचं नसतं, साधनांचं असतं. वजनकाटा सपाट फरशीवर ठेवून पाणसळीनं पाहायचा, त्यावर आधी ५ किलोचं आणि मग १० किलोचं प्रमाणित वजन ठेवायचं. उंची मोजायच्या स्टेडिओमीटरला आणि तान्ह्या बाळांची लांबी घ्यायच्या फळ्याला ठरलेल्या लांबीचा दांडा लावून बघायचा. कॅलिपरच्या चिमट्याचा काटा शून्यावर येतो ना, ते पाहायचं. सगळे आकडे वहीत, तारखेसह, सहीसह. थंडीत काट्याची बॅटरी लवकर उतरते म्हणून सध्या जोडीला दुसरी असते.

नव्यानं आलेली मुलं विचारतात, रोज कशाला? त्यांना मी एकच हिशेब घालून देते. दोन ते तीन वर्षांचं चांगलं वाढणारं मूल महिन्याला साधारण सात-आठ मिलिमीटर वाढतं. आपली पट्टी पाच मिलिमीटरनं सरकलेली असेल, तर त्या मुलाची तीन आठवड्यांची वाढ आपण खाल्ली किंवा फुकटची वाढवली. एकदाच मोजणाऱ्याला अशी चूक एक वेळ परवडेल. आमचं सगळं काम दोन मापांमधल्या फरकावर उभं आहे.

म्हणून माणसांचीही तपासणी होते. माझी जोडीदार आणि मी, दोघी एकाच मुलाला वेगवेगळं मोजतो आणि एकमेकींचे आकडे पाहत नाही. ठरलेल्या मुदतीनं काही मुलांना दोन-दोनदा मोजून, एकीचे स्वतःचेच आकडे किती जुळतात आणि दोघींचे आपसात किती जुळतात, याचं गणित होतं. ज्याचे जुळत नाहीत त्याचं पुन्हा प्रशिक्षण, मग तो कितीही जुना असो.

सव्वासात

लागवडीला जाणाऱ्या बायकांची पिकअप पावणेआठला येते. तोवर चार घरं.

पहिल्या घरी सून चुलीपुढे भाकरी थापते आहे. लग्नाला वर्ष होत आलं. मी ओट्यावर बसते, सासूबाईंच्या गुडघ्याची विचारपूस होते, चहा येतो. मला एकच गोष्ट विचारायची आहे, ती म्हणजे गेल्या पाळीची तारीख. दर महिन्याला विचारायचा प्रश्न. सासरा अंगणात, दीर मोरीशी दात घासतोय. अशा वेळी तोंडानं विचारायचं नसतं. ती पीठ लागलेल्या हातानंच भिंतीकडे खूण करते. कालनिर्णयवर डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब आहे आणि एका चौकोनात, दुधाच्या आकड्याशेजारी, पेन्सिलीचा बारीक ठिपका. मी तारीख लिहून घेते. झालं काम.

या ठिपक्यावर आमच्या अभ्यासाचा पाया आहे. अडीच किलोचं बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर ते पोटात कमी वाढलेलं असतं. तेच बाळ महिनाभर आधी जन्मलेलं असेल तर गोष्ट निराळी. दोघांचं वजन एक, पण पुढची वाट वेगळी. गर्भ किती आठवड्यांचा हे नक्की माहीत नसेल, तर जन्मवजनाचा अर्थच लागत नाही. पाळी चुकली की सोनोग्राफी करून दिवस पक्के होतात. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही, हे आम्ही पहिल्याच भेटीत, अख्ख्या घरासमोर, स्पष्ट सांगून ठेवतो. नंतर कुणी विचारतही नाही.

या भागाला असल्या अभ्यासाची ओळख जुनी आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत हेच केलं. दर महिन्याला घरी जाऊन तारखा लिहून घेतल्या आणि गर्भ राहण्याआधीपासून आयांना मोजलं. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. तिथे जन्मलेली मुलं आता तिशीला आली आहेत, आणि त्यांच्याही मुलांची मापं घेतली गेली आहेत. आमच्यासारख्यांनी मापं घ्यायला शिकताना त्याच कामाचे कागद पुढ्यात ठेवले.

नऊ वाजता

अंगणवाडी. आज सहा महिन्यांच्या फेरीची मुलं आहेत. सेविकाताईंनी सतरंजी अंथरून ठेवली आहे, खिचडीचं पातेलं अजून चढायचं आहे.

अडीच वर्षांचा एक मुलगा आईच्या कडेवरून उतरायला तयार नाही. घाई केली तर माप गेलंच. माझी जोडीदार आधी त्याच्या आजीची उंची मोजते, मग सेविकाताईंची, मग बाहुलीची. मग तो स्वतःच पुढे येतो. स्वेटर, टोपी, चड्डी काढायची. थंडी आहे म्हणून दार लावून घेतलं आहे. पायात चांदीचे वाळे, गळ्यात ताईत, कमरेला करदोटा. वाळे निघतात. करदोटा काढायला आई तयार नाही, आणि आम्ही आग्रह धरत नाही. तसाच करदोटा आमच्याकडे पिशवीत असतो, त्याचं वजन ठाऊक आहे. 'करदोट्यासह' अशी नोंद होते.

मग उंची. टाचा, कुल्ले, खांदे, डोक्याचा मागचा भाग मापाच्या पाटाला टेकलेला. एक जण गुडघे आणि टाचा धरतो, दुसरा हनुवटीखाली हात देऊन नजर सरळ समोर आणतो, डोक्यावरची सरकपट्टी केस दाबेपर्यंत खाली येते. दोन माणसांशिवाय हे माप घ्यायचंच नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजायचं, त्यावरच्याला उभं करून. निजवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण सात मिलिमीटर जास्त भरते. पहिल्या फेरीत निजवलं आणि दुसऱ्या फेरीत उभं केलं, आणि तशी नोंद केली नाही, तर महिन्याभराची वाढ कागदावरून गायब.

या मुलाचं वजन उंचीच्या मानानं ठीक आहे. दंडाचा घेर चांगला आहे. गाल भरलेले आहेत. कुणीही म्हणेल, छान आहे बाळ. पण उंची वयाच्या मानानं खूपच कमी आहे. गेल्या फेरीत होती तशीच, किंबहुना रेषेपासून थोडी आणखी खाली. ज्याला आपण खुजेपण म्हणतो ते हे. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण गावातली त्याच्या वयाची बरीच मुलं त्याच्याएवढीच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत ३४.४ टक्के. म्हणजे तिथेच. ही पाहणी राज्याचं चित्र सांगते आणि ती हवीच. पण दर वेळी तिच्यातली मुलं निराळी असतात. हे मूल कधी मागे पडलं, पोटात असताना, सहाव्या महिन्यात की वर्षाचं झाल्यावर जुलाब लागले तेव्हा, हे त्याच मुलाकडे पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

आई म्हणते, "आमच्यात सगळे बुटकेच आहेत की. ह्याचे बाबा बघा."

हे मी रोज ऐकते आणि रोज त्याचं उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची, सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दक्षिण दिल्ली. आईचं दूध मिळालेली, पोटभर खाणारी, बरं घरदार असलेली मुलं. पहिल्या पाच वर्षांत सहाही ठिकाणची मुलं जवळजवळ सारखीच वाढली. २००६ साली प्रसिद्ध झालेले, आज आपण वापरतो ते वाढीचे तक्ते यातूनच आले. मोठेपणी माणसं उंच-बुटकी असतातच, पण अख्ख्या गावची मुलं बुटकी असतील तर ते रक्तातलं म्हणून सोडून देता येत नाही. मी एवढं सगळं आईला सांगत नाही. सांगते ते इतकंच: "बाबाही लहानपणी मागे राहिले असतील. याला अजून वेळ आहे."

मग कॅलिपर. डाव्या दंडाच्या मागची कातडी चिमटीत उचलायची, खालचा स्नायू सोडून, आणि चिमट्यानं तिची जाडी पाहायची. दुसरं माप खांद्याच्या पात्याखाली. चिमट्याचा दाब ठरलेला असतो, तो लावला की लगेच काटा वाचायचा. उशीर केला तर चरबी दबून आकडा उतरतो. मूल रडत नाही, बहुतेकांना गुदगुल्या होतात. कुपोषण मोजायला चरबी कशाला मोजता, असं पाहुणे विचारतात. या प्रश्नाचं उत्तर याच पट्ट्यातून जगाला मिळालं. २००३ साली पुण्याच्या त्या अभ्यासातल्या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी झाली. आपल्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५. प्रत्येक मापात आपली बाळं लहान होती, पोटाचा घेर तर फारच लहान, स्नायूही कमी. पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. म्हणजे मूल दिसायला बारीक, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. पुढे मधुमेह ज्या वाटेनं येतो, तिची सुरुवात इतक्या आधी, इतक्या हडकुळ्या देहात सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नुसता वजनकाटा घेऊन गेलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

साडेअकरा

जीप पारनेरकडे. वाटेत कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागतात. पाचटाची खोपटं, बैलं, धुळीत खेळणारी मुलं. एक पाच-सहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला काखेत घेऊन उभी आहे. आई-बाप फडात.

ही मुलं आमच्या यादीत नाहीत. असूही शकत नाहीत. जे मूल सहा महिने इथे आणि सहा महिने बीडकडच्या गावी असतं, त्याला दर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीनं मोजणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण याचा अर्थ असा की ज्या मुलांची वाढ सर्वांत जास्त धोक्यात आहे, त्यांचीच रेषा कुठल्याच कागदावर नाही. दीर्घकाळाच्या अभ्यासाला स्थिर घर लागतं, आणि दारिद्र्य माणसाला स्थिर राहू देत नाही. आमच्या निष्कर्षांच्या पहिल्या पानावर हे लिहिलं गेलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तास-सव्वा तासाचा रस्ता. अशा वेळी मी दूरवरच्या कामांबद्दल वाचते. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात इन्कॅप या पोषण संस्थेनं चार खेड्यांत मुलांना आणि आयांना रोज पेय वाटलं. दोन खेड्यांत आटोले नावाची प्रथिनांची दाट पेज, उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं गोड सरबत. वाटप संपलं, पण माणसं शोधणं संपलं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत आटोले मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणीची ताशी कमाई सरासरी ४६ टक्के जास्त होती. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेनं तसा फरक पडला नाही. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा असाच माग काढला गेला. त्यातल्या १,४९२ जणांची तिशीच्या आसपास तपासणी झाली, तेव्हा मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले लोक लहानपणी गुटगुटीत नव्हते असं आढळलं. ते दोन वर्षांचे होईपर्यंत बारीक होते आणि नंतर झपाट्यानं भरत गेले होते. बारा वर्षांचे असताना त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ म्हणण्याजोगं नव्हतं. यातलं काहीही पाच वर्षांच्या सरकारी प्रकल्पात दिसलं नसतं.

एक वाजता

ग्रामीण रुग्णालयाचा प्रसूती विभाग. मुलगी चौदा तासांची आहे. आई दमलेली, पण ओळखीचं हसते. गेली दोन वर्षं आम्ही तिच्या घरी जातोय.

बाळाची आजी, म्हणजे माहेरची, काटा बघून पुढे सरसावते. "एवढ्याशा जिवाला तोलायचं नसतं. दृष्ट लागते." तिला समजावत बसत नाही. काटा तिच्याच हातानं चादरीनं झाकून घेते आणि बाळ तिलाच ठेवायला सांगते. २ किलो ६४० ग्रॅम. आजी तीट लावते, मग डोक्याचा घेर, छातीचा, पोटाचा, दंडाचा. फळ्यावर लांबी घेताना माझी जोडीदार डोकं वरच्या पाटीला टेकवून धरते, मी गुडघे हळूच सरळ करून सरकपट्टी तळव्यांना लावते. बाळ पाय आखडतं, आम्ही थांबतो, ते सैल सोडतं तेवढ्या क्षणात वाचायचं. दुसऱ्यांदा सगळं पुन्हा, भूमिका बदलून. शेवटी कॅलिपर. नवजात बाळाची कातडी चिमटीत उचलणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक काम. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना ते मी सर्वांत शेवटी करू देते.

आई विचारते, "कमी आहे का वजन?" अडीच किलोच्या वर आहे, ठीक आहे, मी सांगते. ते खरंच आहे. पण हेही खरं की हे आपल्याकडचं 'ठीक' आहे.

साडेतीन

परत गावात. आता काल काय खाल्लं ते विचारायचं. पाचवा महिना असलेली बाई, घर माळकरी. अंडं-मटण नाही. माझ्या पिशवीत ठरलेल्या मापाच्या वाट्या, पळ्या, आणि पुठ्ठ्याचे भाकरीचे गोल असतात, तीन आकारांचे. ती कालचा दिवस उठल्यापासून सांगत जाते. सकाळी चहा, कोरा नाही, दूध घातलेला. दहाला रानात, अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा. दुपारी दीड भाकरी, मटकीचं कालवण, "हीच वाटी, पण अर्धी. पातळ होतं." रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर चतकोर भाकरी आणि उरलेला भात.

"पालेभाजी?"

"मेथी केली होती. पुरली नाही."

'पुरली नाही' हे मी तसंच लिहून घेते, कारण ते महत्त्वाचं आहे. पुण्याच्या अभ्यासातून २००१ साली पुढे आलेली एक गोष्ट या भागातल्या प्रत्येक सासूला कळावी असं मला मनापासून वाटतं. बाळाच्या जन्माच्या मापांचा संबंध आईनं एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं घेतली याच्याशी तितका दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. पुढे दुसरं एक काम झालं, त्यात पाणी भरणं, शेतातली जड कामं यांचा भार जास्त असलेल्या आयांची बाळं लहान निघाली. म्हणजे मेथीची जुडी आणि पाण्याचा नळ, दोन्ही गोष्टी बाळाच्या वाढीत येतात. आपली पोषणाची चर्चा पाकिटांशी येऊन थांबते.

आणि दूध. गोठ्यात दोन म्हशी आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. जीवनसत्त्व ब-१२ दुधात, अंड्यात, मांसात असतं, भाकरी-भाजीत नसतं. त्या सहा गावांतल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फॉलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा परिणाम कमी होत असल्याच्या खुणा सर्वांत ठळक दिसल्या. त्या मुलांनाच पुढे वयात आल्यावर ब-१२ देऊन, त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोगही झाला. एका पिढीत लागलेला शोध दुसऱ्या पिढीत तपासायचा तर तोवर माणसं आपल्यासोबत टिकायला हवीत.

साडेपाच

आता ज्या घरात जायचं आहे तिथे मापं घ्यायची नाहीत. गेल्या फेरीत त्यांनी "बास झालं" म्हणून सांगितलं. मुलाचं रक्त घेतलेलं आजोबांना आवडलं नाही. "तुम्ही नेता, मोठे होता, आम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न रास्त आहे. मी रिपोर्ट घेऊन आले आहे, मुलाचं हिमोग्लोबिन, वाढीचा आलेख, सगळं मराठीत लिहिलेलं. आजोबांना समजावून देते. पुन्हा सामील व्हा, असं म्हणत नाही. नको म्हणायचा हक्क संमतिपत्रात छापलेला आहे, तो खरा असला पाहिजे. निघताना आजोबा म्हणतात, "सूनबाईला विचारतो." ते विचारतील किंवा विचारणार नाहीत.

त्याच गल्लीत सकाळी अंगणवाडीत मोजलेलं एक चौदा महिन्यांचं मूल आहे, दंडाचा घेर ११.३ सेंटिमीटर. ११.५च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. सेविकाताईंनी दुपारीच आरोग्य केंद्रात कळवलं, उद्या सकाळी डॉक्टर तपासणार, मी वडिलांना वेळ सांगते आणि जीप पाठवायचं कबूल करते. काही जण म्हणतात की अभ्यास करणाऱ्यानं मध्ये पडू नये, आकडे बिघडतात. बिघडू देत. उपचार झाल्याची नोंद करता येते, गणितात ती धरताही येते. मूल आजारी आहे हे कळूनही केवळ पुढचं माप शुद्ध राहावं म्हणून गप्प बसणारा अभ्यास बंद केलेला बरा.

सात वाजता

आजचे आकडे संगणकात. दोघींच्या मापांत ठरल्यापेक्षा जास्त फरक असेल तर पडद्यावर लाल खूण येते. आज एक आली, एका मुलीच्या डोक्याच्या घेरावर. उद्या तिच्या घरी जाऊन पुन्हा मोजायचं. अर्ध्या सेंटिमीटरवर किंवा पूर्ण आकड्यावर संपणारी मापं जास्त तर होत नाहीत ना, हेही संगणक पाहतो. डोळा थकला की हात आपोआप गोल आकड्याकडे जातो.

मग मी सकाळच्या त्या अडीच वर्षांच्या मुलाची रेषा उघडते. जन्मतः ठीक. सहा महिन्यांपर्यंत तक्त्याच्या रेषेला धरून. त्यानंतर अठराव्या महिन्यापर्यंत वाकत वाकत खाली. त्या काळातल्या नोंदी वाचते. वरचं अन्न आठव्या महिन्यात सुरू, त्यातही चहा-बिस्कीट. जुलाब दोनदा, एकदा सलाइन. आई लागवडीला. अठराव्या महिन्यानंतर रेषा आणखी फार पडत नाही, पण वरही येत नाही. हा आलेख उद्या त्याच्या आईला दाखवायचा आहे, आणि त्या घरात आता दुसरं बाळ येणार आहे, म्हणून तो जास्तच महत्त्वाचा आहे.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. वजन बहुतेक भरलेलं असेल, उंचीची जागा बऱ्याचदा मोकळी असते. अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे उंचीही मोजायला सांगा, तारखेसह लिहून घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. मूल दोन वर्षांखालचं असेल तर निजवून, मोठं असेल तर उभं करून. कार्ड लसी संपल्या म्हणून टाकून देऊ नका. मुलगी सासरी जाईल तेव्हा तिचं कार्ड तिच्याबरोबर द्या. तिचं स्वतःचं जन्मवजन तिच्या बाळंतपणात डॉक्टरांना उपयोगी पडतं.